चाळीस व्हॉल्व्ह आणि खोबरेल तेल

‘मिनाबाई म्हणतात’ हे दोन शब्द हरीश एका जेवणात किती वेळा उच्चारतो, हे प्रतिक्षाने त्या दिवशी मोजलं. अकरा वेळा. पोळीवर चार, वरणभातावर सहा आणि शेवटची तर चूळ भरता भरता. तोंडात पाणी असताना माणूस लग्नाच्या बायकोचंसुद्धा नाव घेत नाही.

“पेटला म्हणून व्हॉल्व्ह चांगला, असं नसतं,” हरीश सांगत होता. “मिनाबाई म्हणतात, दिवा तर मढ्याच्या उशाशीबी पेटते.”

“जेवताना मढी नका काढू. लेकरू ऐकतंय.”

लेकरू म्हणजे वेदू. वय अकरा महिने. तो ऐकत नव्हता, चमचा खात होता. प्रतिक्षाने चमचा काढून घेतला, तर त्याने पोळपाटाची कड धरली. या मुलाच्या तोंडात काय गेलं आणि काय नाही गेलं, याचा हिशोब ठेवता ठेवता ती अर्धी झाली होती. उरलेली अर्धी आता मिनाबाईंच्या हिशोबात खर्ची पडत होती. दहाव्या खेपेला मिनाबाई चांदीबद्दल काहीतरी म्हणाल्या होत्या. प्रतिक्षाने आकडा मोजला, वाक्य ऐकलं नाही. या एका वाक्यापायी पुढे काय रामायण घडलं ते येईलच, पण माणसाने मोजताना कान बंद करू नयेत, एवढं इथेच सांगून ठेवलेलं बरं.

खरं तर मिनाबाई या घरात तिनेच आणली होती. झालं असं, की शेजारच्या रणजीतरावांनी दिवाळीत म्युझिक सिस्टिम आणली. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची हळदीची अडत आणि हळदीला त्या साली भाव. चार कोपऱ्यांत चार स्पीकर, मधोमध आवाजाबरोबर वरखाली नाचणारे हिरवे दिवे, आणि बसल्या जागी दाबायला रिमोट. त्यांची बायको दिपा कुंपणापाशी येऊन म्हणाली, “या ना वहिनी ऐकायला. तसं तुमच्याकडे ऐकू येतच असेल म्हणा.” हे ‘म्हणा’ प्रतिक्षाच्या काळजात काट्यासारखं रुतलं. “आवाज जरा बारीकच वाटतो, नाही?” असं ती हसत हसत बोलून आली खरी, पण घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाली, “आपल्याकडेही काहीतरी आवाजाचं पाहिजे.”

हरीश पाटबंधारे खात्यात कारकून. नवीन वस्तू घ्यायची म्हटलं की त्याला आधी जुनी आठवते. त्याला वडिलांचा अँप्लिफायर आठवला. शिरड शहापूरला सोनाजींनी, म्हणजे प्रतिक्षाच्या सासऱ्यांनी, तरुणपणी भजनासाठी घेतलेलं ते लोखंडी धूड माळ्यावर पडून होतं. ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातलं. आत पाच व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह म्हणजे बोटभर ते वांग्याएवढ्या काचेच्या नळ्या, पोटात जाळ्या आणि पत्रे, बुडाला पितळी पाय. त्या तापल्या की आवाज मोठा होतो. पाचातले तीन मेले होते. सोनाजींनी जाहीर करून टाकलं, “नातवाचं जावळ माह्या मशिनीवर व्हईल. न्हाईतर जावळच न्हाई!” जावळाचा मुहूर्त लाइनमनला विचारून काढला होता, कारण शिरडला वीज कोणत्या वारी किती वाजता असते हे पंचांगात येत नाही. दिवस उरले होते एकवीस.

हिंगोलीच्या दुकानदाराने हरीशकडे असं पाहिलं, जणू त्याने टांग्याची स्टेपनी मागितली. मग कनवाळूपणे त्यानेच पत्ता दिला : डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर धर्मसिंग. तीन तालुक्यांतली लग्नं त्यांनी एके काळी कर्णे लावून गाजवली. आता डोळ्यांत मोतीबिंदू, पण जुना माल पडून आहे. माल पारखायला सून बसते. ती सून म्हणजे मिनाबाई.

हरीश रविवारी एस.टी.ने गेला आणि एक व्हॉल्व्ह व नवा धर्म घेऊन परत आला.

आता प्रतिक्षा ही काही साधी बाई नव्हती. ती बी.एस्सी. होती, तीही फिजिक्स घेऊन. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन कसे सुटतात, याची आकृतीसह व्याख्या तिने दोनदा लिहिली होती, एकदा सहामाहीला आणि एकदा वार्षिकला. प्रत्यक्ष व्हॉल्व्ह मात्र तिने कधी पाहिला नव्हता, कारण कॉलेजातल्या त्या कपाटाची किल्ली बदली होऊन गेलेल्या सरांबरोबर गेली होती. तरीही! घरात फिजिक्सची पदवी फ्रेम करून टांगलेली असताना नवरा व्हॉल्व्ह दाखवायला दोन तास एस.टी.त उभा राहून चौथी पास बाईकडे जातो, हे तिला कसं रुचावं? ‘प्रतिक्षाला विचारतो’ एवढंच एक वाक्य त्याच्या तोंडून निघायला पाहिजे होतं. निघत होतं ‘मिनाबाईंना विचारतो.’

“त्या तुम्हाला काय म्हणतात?” तिने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

“सायेब.”

“भाऊ नाही म्हणत?”

“नाही. का?”

“काही नाही,” प्रतिक्षा म्हणाली आणि तिने वेदूच्या तोंडातून एक बटण काढलं. मराठवाड्यात बाई रिक्षावाल्याला भाऊ म्हणते, भाजीवाल्याला भाऊ म्हणते, घरात शिरलेल्या सापालासुद्धा ‘जा रे भाऊ’ म्हणते. यालाच तेवढा सायेब!

जळत्यात तेल ओतायला दिपा टपलेलीच होती. दुसऱ्या रविवारनंतर ती वाटी मागायच्या निमित्ताने आली, वाटी घेतली आणि दारातच थांबली.

“वहिनी, मी काही बोलणार नव्हते.”

“मग नका बोलू.”

“पण बोलावं लागतं. डोंगरकड्याला माझी मावसबहीण आहे. ती गिरणीवर दळण घेऊन चालली होती. तुमचे मिस्टर एका ओट्यावर बसलेले. समोर ती बाई. तिने ती काचेची बाटली घेतली, बुचडा सोडला, आणि बाटली केसांत अशी... अशी फिरवली. हळूच. आणि मिस्टर तोंड उघडं टाकून पाहून राहिले. मग दोघंही हसले म्हणे.”

“म्हणे?”

“मी ऐकलं ते सांगितलं. मला काय करायचंय? पण मी तुमच्या जागी असते ना, तर राखी बांधून घेतली असती तिच्याकडून.”

राखीला आठ महिने होते. प्रतिक्षाने तेही मोजलं.

त्या संध्याकाळी तिने भाजी चिरता चिरता विचारलं, “मिनाबाईंचे केस लांब आहेत का हो?”

हरीश सरळ माणूस. सरळ माणसाशी संसार करणं फार अवघड, कारण तो विचारलेलं सांगतो. “हो, चांगले लांब. आणि तेल भरपूर! त्याचं काय आहे, जुन्या व्हॉल्व्हवर...”

“पुरे.”

“अगं, पण गंमत ऐक ना...”

“पुरे म्हटलं ना!” भेंडीचे तुकडे त्या दिवशी फारच बारीक झाले. प्रतिक्षाने आरशात स्वतःचे केस पाहिले. आठवड्यातून दोनदा शांपू, भुरभुरीत, हलके, खांद्यापर्यंत. लग्नात याच केसांची तारीफ झाली होती. तेल लावणं तिने कॉलेजातच सोडलं होतं, सुधारणा म्हणून.

एवढ्यात एक घोळ उपटला. धर्मसिंगांकडे दोन मोठे व्हॉल्व्ह निघेनात. नेमके आवाजाचा जोर ज्यांच्यावर असतो ते, ‘सहा व्ही सहा’ नावाचे. ते एका सरकारी गोदामात असल्याचं कळलं. जुन्या काळी गावोगाव रेडिओ ऐकवायची योजना होती, तिचा राहिलेला माल. चाळीस नग एका खोक्यात. गोदामाच्या टेबलाशी उत्तमराव नावाचे गृहस्थ बसायचे. हरीश त्यांच्याकडे तीन दिवस खेटे घालत होता.

“भंगार म्हणून विकता येते,” उत्तमराव म्हणाले. “पण भंगारच पाह्यजे. ह्ये चांगले हायत का खराब?”

“बघून सांगतो.”

“अन् चांगले निघाले तर? चांगला माल विकता येत न्हाई.”

“मग खराब आहेत.”

“मंग तुमाला काहून पाह्यजेत?”

शेवटी उत्तमरावांनीच बिडी विझवून मार्ग काढला. माल निरुपयोगी असल्याचा दाखला विज्ञान शाखेच्या पदवीधराने सहीनिशी द्यावा, म्हणजे ते मोकळे. अशा रीतीने प्रतिक्षाच्या पदवीचा संसारात पहिल्यांदा उपयोग झाला. ‘सदर चाळीस काचनळ्या मी स्वतः तपासल्या असून त्या पूर्णतः निरुपयोगी आहेत,’ असं तिने एकही नळी न पाहता लिहून दिलं. सही करताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जिवंत कोण ते मिनाबाई सांगणार, आणि मेल्याचं तेवढं प्रतिक्षाने लिहून द्यायचं!

शुक्रवारी खोकं घरी आलं. आणि हरीशने बूट काढता काढता सांगितलं, “रविवारी मिनाबाई येणार आहेत. आपल्याकडे. एवढं काचेचं सामान एस.टी.त नेऊन फुटायचं.”

आता मात्र प्रतिक्षाने पदर खोचला. ती बाई येईल तेव्हा घर आरशासारखं असलं पाहिजे आणि व्हॉल्व्ह आधीच निवडून ठेवलेले असले पाहिजेत. ‘हे चांगले, हे खराब, तुम्ही उगाच तकलीफ घेतलीत,’ असं म्हणून चहा पुढे करायचा. वाक्यसुद्धा तिने पाठ केलं.

शनिवारी हरीश ऑफिसला गेला, वेदू झोपला, आणि तिने खोकं उघडलं. आत तीस वर्षांची धूळ, पालीच्या लेंड्या आणि कुबट वास. हे असलं लेकराच्या घरात? तिने घमेल्यात कोमट पाणी घेतलं, भांड्यांचा साबण फेसाळला आणि एकेक व्हॉल्व्ह लहान मुलाला न्हाऊ घालावं तसा न्हाऊ घातला. काचेवर पुसट पांढरे आकडे, अक्षरं होती. गोदामातल्या कुणीतरी रंगवली असतील, असं समजून तीही घासून काढली. व्हॉल्व्ह लखलखायला लागले. सुपात फडकं घालून ते उन्हात मांडले, तेव्हा तिला स्वतःचाच अभिमान वाटला.

मग पारख. इथे तिने शास्त्र वापरलं. बल्ब जळतो तेव्हा आतून काळा पडतो, हे कुणालाही कळतं. एकोणतीस व्हॉल्व्हच्या डोक्यात आतून काळपट, आरशासारखा डाग होता. म्हणजे जळलेले. उरलेल्या अकरांची डोकी दुधासारखी पांढरीशुभ्र. म्हणजे कोरे! इतकं सोपं होतं हे, आणि यासाठी माणूस डोंगरकड्याला जातो!

ती एकोणतीस खराब नग पिशवीत भरत होती तेवढ्यात दिपा वाटी परत करायला आली. “अय्या, किती चमकतंय हे! टाकून देताय? मला द्या. तोरण करते दाराला. मध्ये मध्ये मणी घालून.” दिपाला टाकाऊतून शोभिवंत करायचा नाद होता. तिच्या शोकेसमध्ये इंजेक्शनच्या बाटल्यांचा मोर होता. प्रतिक्षाने मोठ्या मनाने पिशवी दिली. आपलं टाकलेलं दिपाने दाराला लावावं, यात जो गारवा होता तो दिवाळीपासून तिला मिळाला नव्हता.

रविवारी मिनाबाई आली. प्रतिक्षाने सकाळपासून डोळ्यांसमोर एक नटी उभी केली होती. प्रत्यक्षात दारात उभी होती एक सावळी, हडकुळी बाई, साधी सुती साडी, कपाळावर घाम, हातात चपला. एस.टी.त पट्टा तुटला होता. केस मात्र खरेच लांब होते, आणि तेलाने असे चोपडलेले की बुचड्यात ट्यूबलाइट दिसत होती.

“बसा. चहा घ्या,” प्रतिक्षाने सुरुवात केली. “मी सगळं निवडून ठेवलंय. तुम्ही उगाच तकलीफ घेतलीत.”

मिनाबाईने सुपातला एक व्हॉल्व्ह उचलला. उजेडाकडे धरला. दुसरा उचलला. मग सगळं सूप एकदा डोळ्यांखालून घातलं.

“बाई, कोणं धुतले ह्ये?”

“मीच. किती घाण होती!”

“साबणानं?”

“मग काय तर.”

मिनाबाईने हरीशकडे पाहिलं, हरीशने छताकडे पाहिलं. “नंबर गेले, सायेब,” ती हळूच म्हणाली. “काचेवर नंबर राह्यते. कोणता वाल कुठं बसते ते त्याच्यावरून कळते. ते जाऊ द्या, त्याला इलाज हाय. पण ह्ये अकरा काहून निवडले?”

“चांगले आहेत म्हणून.”

“ह्याचं तर दही झालं. डोस्कं पांढरं झालं म्हंजी काचेतून हवा शिरली. जीव गेला. डोक्यात चांदी पाह्यजे, काळी चमकती चांदी. चांदी हाय तवर आशा हाय. मी सांगितलं व्हतं सायबाला.”

“मी हिला सांगितलं होतं,” हरीश म्हणाला. “वरणभात चालू होता.”

ते दहावं वाक्य प्रतिक्षाला आत्ता, दोन आठवड्यांनी, शब्दन् शब्द ऐकू आलं.

“मग चांदीवाले कुठं हायत?”

चांदीवाले कुठे होते, हे दारातूनच दिसत होतं. समोर दिपाच्या चौकटीवर एकोणतीस व्हॉल्व्ह, मध्ये मध्ये लाल मणी घालून, वाऱ्यावर किणकिणत होते.

दिपाकडे जाताना प्रतिक्षा पुढे. मागे हरीश, त्याच्या कडेवर वेदू, आणि त्याच्यामागे अनवाणी मिनाबाई. दिपाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “दाराला लावलेलं तोरण उतरवू नये म्हणतात, वहिनी.”

“माझ्या मुलाचं जावळ आहे हो.”

“आहे ना. तुमच्या सासऱ्यांचं मशीन वाजणार आहे ना? मोठ्या आवाजाचं?” दिपाने पदराशी चाळा केला. “आमचं तर बाई बारीकच.”

प्रतिक्षाला कळलं. बारीक आवाजाचा काटा तिनेच रुतवला होता, तिनेच काढायचा होता. समोरच्या खिडकीत लोक जमले होते. मिनाबाई ऐकत होती, हेच जास्त लागलं. “दिपाताई,” ती म्हणाली, “तुमच्या सिस्टिमसारखा आवाज अख्ख्या गल्लीत नाही. मी त्या दिवशी जळून बोलले.” एवढं बोलून तिने वेदूच्या टोपीची नाडी उगीचच पुन्हा बांधली. तोरण उतरलं. मणी दिपाने ठेवून घेतले.

घरी येऊन मिनाबाई ओसरीत मांडी घालून बसली. चांदी पाहिली, नखाने टिचक्या मारून कानाशी धरलं, पाय हलवून पाहिले. एकोणतीसातले वीस चांगले म्हणून बाजूला काढले. मग तिने बुचडा सोडला, एक व्हॉल्व्ह घेतला आणि केसांत हळूच फिरवला. माझ्याच ओसरीत! माझ्या डोळ्यांदेखत! आणि हरीश खरोखरच तोंड उघडं टाकून पाहत होता.

“ह्ये पाहा बाई.” मिनाबाईने काच उजेडात तिरपी धरली. तेलाच्या पुसट थरात, अंगठा जिथून फिरला तिथे, धुऊन गेलेली अक्षरं भुतासारखी वर आली होती. “शाई जाते, पण काचेवर तिचा वण राह्यते. तेल लागलं की उमटते. माह्या सासऱ्यानं शिकवलं. त्यायचं डोस्कं आता टकलं, म्हून माह्यावर पाळी आली.”

“हीच गंमत मी सांगत होतो,” हरीश म्हणाला, “भेंडीच्या दिवशी.”

मिनाबाईने तिच्या हातात दुसरा व्हॉल्व्ह दिला. “तुमी बी करा, मी एकटी किती करू?” प्रतिक्षाने तो आपल्या भुरभुरीत केसांत फिरवला. काहीच उमटलं नाही. पुन्हा फिरवला. काच आणखी स्वच्छ झाली.

“शांपू?” मिनाबाईने वैद्याने विचारावं तसं विचारलं. “खोबरेल आणा बरं.”

आणि मग, जिच्यावर दोन आठवडे दात खाल्ले, तिच्याच पुढ्यात प्रतिक्षा पाटावर बसली. मिनाबाईने वाटीभर तेल तिच्या टाळूवर थापलं आणि बोटं चालवायला लागली. बाळंतपणानंतर कुणी तिच्या डोक्याला हात लावला नव्हता. रात्ररात्र जागून तापलेलं ते डोकं हळूहळू निवायला लागलं. प्रतिक्षाला राग धरून ठेवायचा होता; पण डोक्यावर तेल मुरत असताना राग धरता येत नाही, असा काहीतरी शरीराचा नियम असावा. बी.एस्सी.ला तो नव्हता.

“एक सांगू, बाई?” मागून आवाज आला. “मला तुमचा लई राग यायचा.”

“माझा?”

“सायेब दर खेपेला तुमचंच. आमच्या मॅडम बीएस्सी, मॅडमनं असं शिकलंय, मॅडमला विचारतो. माहा सासरा म्हणे, पाह्य, याला म्हणतात शिकलेली. इकडं वीस सालं झाली, वाल मी पारखून राहिले! म्हणलं, पाहावं तरी एकदा कोण हाय ती मॅडम.”

“आणि मी इथे...” प्रतिक्षाने वळून हरीशकडे पाहिलं. “अहो, हे तुम्ही घरी का नाही बोलत?”

“घरी कशाला बोलायचं? घरी तू असतेसच की.”

सरळ माणूस. सांगितलं ना, फार अवघड.

दुसऱ्या वाटीनंतर प्रतिक्षाच्या केसांतून पहिली अक्षरं उमटली. मिनाबाईला इंग्रजी अक्षरं येत नव्हती; ती नुसत्या आकारांवरून ओळखायची. प्रतिक्षा वाचू लागली, मिनाबाई आतल्या जाळ्यांकडे बघून खात्री करू लागली. तीन ‘सहा व्ही सहा’ निघाले. दोन लावायला, एक राखीव. प्रतिक्षाने प्रत्येक व्हॉल्व्हवर डिंकाने चिठ्ठी चिकटवली, सुवाच्य अक्षरात.

जावळाच्या दिवशी वीज लाइनमनच्या शब्दाप्रमाणे बरोबर दहाला आली. शिरडच्या मळ्यात मांडव, चिंचेवर कर्णा, आणि खुर्चीवर लोखंडी धूड. सोनाजींनी फेटा सावरून बटण दाबलं. काहीच झालं नाही. दिपा, जिला बोलावणं भागच होतं, मोठ्याने म्हणाली, “आमचं लगेच लागतं.” पण व्हॉल्व्ह तापायला वेळ घेतात. मिनिटभराने चिंचेतून एक खर्जातली गुणगुण उतरली, मग सोनाजींचं ‘हालोऽ’ असं गरजलं की शेजारच्या मळ्यातले बैल उठून उभे राहिले. वेदू मामाच्या मांडीवर बसला, न्हाव्याने पहिली बट कापली, आणि त्याचा टाहो पाच शेतं ओलांडून गेला.

दुसऱ्या बटेला कर्णा खरखरला, घोगरा झाला आणि गप्प पडला.

“मशीन मेली!” कुणीतरी ओरडलं. सोनाजी खाली बसले. हरीशने राखीव व्हॉल्व्हचं खोकं उघडलं आणि त्याचा चेहरा पडला. चिठ्ठ्या नव्हत्या. आदल्या दिवशी खोकं जेमतेम दोन मिनिटं वेदूपाशी राहिलं होतं. त्याने एकूण एक चिठ्ठी सोलून खाल्ली होती. प्रतिक्षा त्याच्या तोंडात काच शोधत बसली होती. कागदाकडे तिचं लक्षच नव्हतं.

हरीश मूठभर व्हॉल्व्ह घेऊन बायकांच्या बाजूला धावत आला. तिथे पुढच्या रांगेत मिनाबाई आणि प्रतिक्षा शेजारी शेजारी बसल्या होत्या. प्रतिक्षा त्याच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत होती. सगळं गाव बघत होतं, पण बघायचं होतं ते तिलाच. पाय मिनाबाईच्या दिशेने वळले. सवय ती सवय.

मिनाबाईने त्याच क्षणी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत खाली ओढला आणि दोन्ही कडा हनुवटीखाली घट्ट धरल्या. जणू तिला एकाएकी ऊन लागलं होतं.

पाय थबकले. वळले.

“प्रतिक्षा, हा कोणता बघ! आणि जिवंत आहे का तेही तूच सांग!”

प्रतिक्षाच्या डोक्यावर सकाळीच, का कोण जाणे, अर्धी वाटी खोबरेल मुरलं होतं. घाईत हरीशने स्वतःच व्हॉल्व्ह तिच्या केसांत फिरवला, भर मांडवात, सासऱ्यांसमोर. पहिला नव्हे. दुसरा नव्हे. तिसरा तिने उजेडात धरला : सहा व्ही सहा. डोक्यात काळी चांदी. नखाने टिचकी मारली, कानाशी धरला. पाय ठीक.

“लावा,” ती म्हणाली.

मिनिटभर व्हॉल्व्ह तापत राहिला. मग चिंचेतून गुणगुण उतरली आणि वेदूचं उरलेलं रडणं सगळ्या शिवाराने ऐकलं. सोनाजींनी फेटा काढून डोळे पुसले. मिनाबाई पदराआडून चिवडा खात होती. प्रतिक्षाने तिच्याकडे पाहिलं. तिने बघितलं नसल्यासारखं केलं. त्या पदराबद्दल प्रतिक्षा हरीशला कधीच काही बोलली नाही. काही गोष्टी सरळ माणसांना सांगायच्या नसतात.

परतीच्या जीपमध्ये दिपा समोरच बसली होती. नुसती हरीशच्या बोटांकडे आणि प्रतिक्षाच्या केसांकडे आळीपाळीने बघत होती. हिंगोली आल्यावर एवढंच म्हणाली, “तुमचे मिस्टर तुम्हाला असे... चारचौघांत... विचारतात सगळं?”

“त्यांना सवयच आहे,” प्रतिक्षा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वेदूला खिडकीत धरून चिऊ दाखवताना तिला दिपाचं घर दिसलं. म्युझिक सिस्टिम बंद होती. दिपा खुर्चीत ताठ बसली होती. केस मोकळे, तेलाने निथळणारे, डोळे मिटलेले. मागे रणजीतराव रिमोट तिच्या केसांत फिरवत उभे होते.

“फिरवला,” ते म्हणत होते. “आता काय होणार आहे?”